कोल्ह्याच्या शिकारीत तापणाऱ्या वयस्कर घोड्याला कोणतं बिट (तोंडातली धातूची दांडी), कोणतं मार्टिंगेल (मान फार वर जाऊ न देणारा पट्टा)?

गॉलवेकर
घोडा १७ वर्षांचा, खच्ची केलेला, आयरिश ड्राफ्ट आणि थरोब्रेड या जातींचा संकर, उंची १६.१ हँड (१६ हँड १ इंच; एक हँड म्हणजे चार इंच). एरवी साध्या लूज-रिंग स्नॅफलमध्ये (सैल कड्यांचं सौम्य बिट) अगदी गरीब गाय. पण हाऊंड (शिकारी कुत्रे) दिसले की मान आभाळाकडे, तोंड उघडं आणि लगामाला लोंबकळल्यासारखी ओढ. मैदान आयर्लंडमधल्या गॉलवेचं, म्हणजे एकामागून एक दगडी गडगे, मधे ओली कुरणं. नोव्हेंबरात मुख्य हंगाम सुरू व्हायच्या आत सामान ठरवायचं आहे. पागेत दोन सल्ले मिळाले: तीन कड्यांचा डच गॅग (लगाम जितक्या खालच्या कडीला, तितकं कडक होणारं बिट) घ्या आणि लगाम सगळ्यात खालच्या कडीला लावा, आणि मान खाली ठेवायला स्टँडिंग मार्टिंगेल (नाकपट्ट्याला थेट बांधलेला पट्टा) बांधा. दोन्हींबद्दल शंका आहे. खोगीर जुनंच, जनरल पर्पज (सर्वसाधारण वापराचं). पायांना बूट घालावेत का, तेही सांगा.

मोतद्दार
बिट विकत घेण्याआधी दात दाखवा. या वयात दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात, दोन दाढांमधल्या फटीत वैरण अडकून हिरडी सडते. लगाम ओढला की तोंड उघडून मान वर फेकणं हे दुखण्याचंही लक्षण आहे, आणि त्यावर जास्त कडक बिट घातलं तर घोडा आणखी जोरात पळतो. पंधरा ओलांडलेल्या घोड्याचे दात दर सहा महिन्यांनी बघितलेले बरे.

दात ठीक असतील तर गोष्ट मानेची. डच गॅगची खालची कडी डोक्यावरच्या पट्ट्यावर दाब देते, पण त्याच वेळी बिट ओठांच्या कोपऱ्यांत वर सरकतं. आधीच मान वर करणारा घोडा त्याने बहुधा आणखी वर जातो. तुमच्या वर्णनाला पेलम (बाजूला लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असलेलं, दोन लगामांचं बिट) जास्त जुळतं, कारण हनुवटीखालची साखळी घोड्याला मान खाली घेऊन जबडा सैल करायला सांगते. तोंडातला भाग सांधा नसलेला, किंचित कमानदार घ्या. जाड बिट म्हणजे मऊ बिट हे काही खरं नाही. मोठी जीभ आणि सपाट टाळू असेल तर जाड दांडीला तोंडात जागाच उरत नाही. १४ ते १६ मि.मी. पुरे. रुंदीला ओठांच्या बाहेर दोन्ही बाजूंना साधारण ५ मि.मी. दिसलं पाहिजे.

साखळीवर बहुतेकांची गल्लत होते. आधी पीळ देऊन सगळ्या कड्या सपाट करायच्या, मगच हुकात अडकवायची. बिटाची खालची दांडी मागे सुमारे ४५ अंश गेल्यावर साखळी टेकली पाहिजे. त्याआधी टेकली तर सतत दाब राहतो, घोडा बधिर होतो नाहीतर मागच्या पायांवर उभा राहतो. सैल राहिली तर बिट उलटं फिरतं आणि ओठ चिमटतात.

जीनसाज
मोतद्दार यांना +१. स्टँडिंग मार्टिंगेलला माझा ठाम नकार. गडग्यापलीकडे जमीन खोल निघाली किंवा घोडा अडखळला तर तोल सावरायला त्याला मान मोकळी लागते, आणि नेमका तेव्हाच पट्टा ताणलेला असतो. रनिंग मार्टिंगेल (ज्याच्या दोन कड्यांतून लगाम जातो) लावा. मोजायचं असं: पट्टा तंगाला (पोटाखालच्या पट्ट्याला) अडकवून कड्या खांद्याच्या दिशेने वर ओढल्या तर त्या मानेच्या मुळाशी, विदर्सजवळ (खांद्यांमधल्या उंचवट्याजवळ) पोचल्या पाहिजेत. तोंड उघडण्यावर ग्रॅकल नोजबँड (फुलीसारखा नाकपट्टा). पट्ट्यांची फुली नाकाच्या हाडावर, नाकपुड्यांपासून बरीच वर बसवा आणि खाली दोन बोटं सहज जाऊ द्या. आवळून बांधलं की घोडा त्याच्याशीच भांडत बसतो.

आता खोगीर, ज्याबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत! वयाबरोबर पाठीच्या वरचे स्नायू कमी होतात आणि पाठ खोल जाते. जुनं खोगीर मग पुढे आणि मागे टेकतं, मधे पूल तयार होतो. चार तास धावताना दोन्ही टोकं रुततात आणि घोडा त्या दुखण्यापासून पळतो. लोकांना वाटतं, शिकारीच्या नादाने तापलाय. खोगिराखालून हात फिरवा: मधे हाताला दाब जाणवत नसेल तर कारागिराकडून भरण करून घ्या. वर जाड नमदा घालून भागवू नका, आधीच घट्ट असलेलं आणखी घट्ट होतं. तंगाचे पट्टे दुमडून शिवण बघा, भोकं लांबट झाली असतील तर बदला. पहिल्या गडग्याआधी, साधारण वीस मिनिटं चालल्यावर, तंग पुन्हा ओढा. रिकिबीच्या बारची (रिकिबीचा पट्टा अडकतो त्या दांडीची) खिटी उघडी ठेवा. लगाम रबर चढवलेला, कारण पावसात नुसतं चामडं साबणासारखं सटकतं.

सातारकर_लेस्टर
इकडे इंग्लंडात २००४ च्या कायद्याने कुत्र्यांसह कोल्ह्याची शिकार बंद झाल्यानंतर आधी टाकलेल्या वासाच्या मागावर जातात, पण घोडा तापायचा तसाच तापतो. डच गॅगला सरसकट नावं ठेवू नका. दोन लगाम लावले, एक मोठ्या कडीला आणि एक तिच्या लगेच खालच्या, तर तो बराच सौम्य चालतो. मान छातीकडे गुंडाळून ओढणाऱ्या घोड्याला पेलमपेक्षा तोच बरा. तुमचा मान वर करतो, म्हणून इथे पेलम कबूल.

गळ्याभोवती एक साधा पट्टा मात्र हवाच. उडीवर स्वार मागे राहिला की लगामाला हिसका बसतो, आणि पेलममध्ये तो हिसका हनुवटीवर जातो. दोन-चारदा असं झालं की घोडा गडग्यासमोर थबकायला लागतो. उडीला पट्टा धरायचा, लगाम नाही.

बूट: दगडी गडग्यांवर पुढच्या पायांना आघात झेलणारे, हवा खेळती राहणारे बूट ठीक. निओप्रीन (जाड कृत्रिम रबर) नको, त्यात पायाच्या कंडरा तापतात. चिखल आत शिरला की कातडी सोलवटते, म्हणून चिखल फार असेल त्या दिवशी पाय उघडे बरे. लाथ मारत असेल तर मागच्यांना इशारा म्हणून शेपटीला लाल फीत. आणि शिकारीला सगळे जमल्यावर घोड्याला एका जागी उभं करू नका, मागच्या बाजूला गोल चालवत ठेवा. हाऊंड जवळून गेले तर तोंड त्यांच्याकडे, ढुंगण कधीच नाही.

गॉलवेकर
आभार. एकच प्रश्न: पेलमला दोन लगाम, तर मार्टिंगेलच्या कड्या कुठल्या लगामावर? आणि दोन लगाम ओल्या हातमोज्यात जमतील?

मोतद्दार
वरच्या. खालच्यावर घातल्या तर घोड्याने मान उचलली की दर वेळी साखळी आवळली जाणार. दोन लगाम झेपत नसतील तर चामड्याचे जोडपट्टे लावून एकच लगाम ठेवता येतो, पण मग साखळी केव्हा वापरायची हे तुमच्या हातात राहत नाही. त्यापेक्षा आधी दोन-तीन आठवडे घरच्या रपेटीत दोन लगामांचा सराव करा; नवं बिट शिकारीच्या दिवशी पहिल्यांदा घालणं हा शुद्ध वेडेपणा. मार्टिंगेलच्या लगामावर रबरी स्टॉपर विसरू नका, बिटापासून वीतभर अंतरावर. ते नसले तर कडी सरकून लगामाच्या हुकात अडकते, मग घोडा मागे हटत जातो आणि खाली उतरूनही ती पटकन सुटत नाही.