‘जुनं ते सोनं’ वाइनला सरसकट लावू नका

नाशिकची शेनिन ब्लाँ (याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) ५ वर्षं ठेवून मग उघडायची, असा बेत एकाने मांडलाय. माझं ऐकाल तर याच आठवड्यात थंड करून संपवा. हीच जात फ्रान्समध्ये व्हूव्रेला पिकली तर चांगली वाइन २०-३० वर्षंही टिकते, कारण तिथल्या थंडीत द्राक्षांची आम्लता कडक राहते. आपल्याकडे काढणी साधारण जानेवारी ते मार्च, ऊन चढत असताना. आम्लता लवकर उतरते, आणि बहुतेक व्हाइट बनवतातच मुळी ताजी प्यायला.

रेडचं प्रकरण जरा वेगळं. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा नि कडेचा रंग बघा. जांभळट असेल तर वाइन कोवळी, विटकरी झाली तर वय झालंय. (व्हाइट मात्र वयाबरोबर गडद होते.) मग घोट तोंडात घोळवा. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळल्या तर टॅनिन, म्हणजे वाइन टिकायला मदत करणारा तुरट घटक, भरपूर. पण नुसत्या टॅनिनवर भाळू नका. फळाची चव आणि आंबटपणा नसेल तर १० वर्षांनी उरेल तो तुरटपणाच. शंका असली तर अर्धी बाटली बूच लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी चाखा. तेव्हाही फळ जाणवलं तर तिच्यात दम आहे.

आणि ठेवायचीच तर १२-१४ अंश, अंधार, बुचाची बाटली आडवी. मे महिन्यात ओट्यावरच्या कपाटात नाशिकचीच काय, फ्रान्सच्या नामांकित बोर्दोचीही वाट लागते.