मदत हवी आहे : २६ जुलै २००५ चा पाऊस डब्ल्यूआरएफमध्ये सह्याद्रीकडे सरकतो

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७४. ही तफावत डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या संगणकीय मॉडेलमध्ये कितपत उतरते, हे मी प्रबंधासाठी तपासत आहे आणि तेथेच गाडे अडले आहे.

२७, ९ आणि ३ किलोमीटरच्या चौकोनांच्या तीन जाळ्या एकात एक बसवल्या आहेत. सुरुवातीची आणि सीमेवरची माहिती ईआरए-५ या जुन्या हवामानाच्या पुनर्विश्लेषित माहितीसंचातून घेतली असून मायक्रोफिजिक्ससाठी, म्हणजे ढगांतील थेंब आणि हिमकण कसे बनतात हे मोजण्यासाठी, थॉम्पसन स्कीम वापरली आहे. जाळीत न मावणाऱ्या उंच ढगांचा परिणाम अंदाजाने धरणारी क्युम्युलस स्कीम बाहेरच्या दोन जाळ्यांत चालू आणि आतल्या जाळीत बंद आहे, कारण ३ किलोमीटरवर उंच ढग मॉडेलला स्वतःच उभे करता येतात. रन विनाअडथळा पूर्ण होतो, पाऊसही भरपूर पडतो; मात्र तो पडतो बदलापूर-कर्जतच्या बाजूला, म्हणजे चाळीसेक किलोमीटर पूर्वेला.

माझा संशय आतल्या जाळीच्या पश्चिम सीमेवर आहे. ती किनाऱ्याच्या फार जवळ असल्यामुळे समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांना बारीक जाळीत ढग उभारायला पुरेसे अंतर मिळत नसावे आणि ते थेट डोंगराला अडल्यावरच बरसत असावेत. काहींनी शहरी कॅनॉपी मॉडेल (इमारती-रस्त्यांचा परिणाम धरणारा भाग) चालू करण्यास सुचवले. त्याने रात्रीचे तापमान सुधारेल, पण पाऊस एवढा सरकेल असे मला वाटत नाही. थेट १ किलोमीटरवर जावे, तर तेवढ्याच क्षेत्राला साधारण २७ पट गणन लागते आणि विभागाच्या क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांच्या संचावर) आधीच रांग असते.

तेव्हा सीमा अरबी समुद्रात किती आत न्यावी? ९ किलोमीटरच्या जाळीत क्युम्युलस स्कीम ठेवावी, बंद करावी, की ग्रेल-फ्रायटाससारखी जाळीच्या आकारानुसार जुळवून घेणारी स्कीम वापरावी?

पडताळणीचाही प्रश्न आहेच. त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते, आणि आयमर्ग या उपग्रहाधारित पर्जन्यनोंदीची ०.१ अंशाची जाळी, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, एवढी तीव्र तफावत पुसट करते. पर्जन्यमापकांशी बिंदूनिहाय तुलना केली, तर सरकलेल्या पावसाची शिक्षा दोनदा होते : जिथे पडला तिथेही आणि जिथे पडला नाही तिथेही. इतक्या थोड्या केंद्रांवर फ्रॅक्शन्स स्किल स्कोअर (नेमक्या बिंदूऐवजी आसपासच्या किती भागात पाऊस पडला याची तुलना करणारा गुणांक) काढणे योग्य ठरेल का?

९४४ हा आकडा गाठण्याचा माझा हट्ट नाही. तसे केल्यास चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर मिळण्याचीच भीती अधिक. मात्र पुढे हाच दिवस वाढीव तापमानात चालवून पाहायचा असल्याने मूळ रन विश्वासार्ह असणे आवश्यक आहे. कोकण किनाऱ्यासाठी ज्यांनी अशी मांडणी केली आहे, त्यांनी जाळीच्या सीमा आणि स्कीमची निवड कृपया येथे लिहावी.