सुई प्रत्येकाची वेगळी, तरी हिपॅटायटिस सी कसा?

रात्रपाळी:
एकत्र बसून इंजेक्शनने नशा करणाऱ्या तिघांची हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली, एचआयव्ही निगेटिव्ह. सुई-सिरिंज वेगळीच असते, असं तिघंही ठामपणे सांगतात. मग संसर्ग झाला कुठून? आणि औषध लगेच सुरू करायचं का?

लॅब_७:
ते खरंच सांगत असतील. सुई वेगळी, पण नशेचा पदार्थ विरघळवायचा चमचा, पाणी आणि गाळायचा कापसाचा बोळा एकच ना? आधी वापरलेली सिरिंज एकाने जरी चमच्यात बुडवली, तरी तिच्यातलं रक्त द्रावणात उतरतं. पुढचा कोऱ्या सिरिंजने तेच ओढून घेतो. डोळ्याला काहीही दिसत नाही.

दट्ट्या तळापर्यंत दाबला तरी थोडं आत उरतंच. सुटी सुई लावायच्या सिरिंजमध्ये 80 मायक्रोलिटरच्या आसपास, सुई जोडूनच येणाऱ्या इन्सुलिन सिरिंजमध्ये जेमतेम 2. सिरिंज वाटताना शक्यतो ही इन्सुलिनचीच द्या. प्रयोगांत हा विषाणू सिरिंजमध्ये 63 दिवसांपर्यंत टिकलेला आढळलाय, त्यामुळे पाण्याने खंगाळून भागत नाही. ब्लीचवरही भिस्त नको.

यकृत_ओपीडी:
औषधाआधी आरएनए टेस्ट करा, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का ते कळेल. अँटीबॉडी म्हणजे संसर्ग कधीतरी झाल्याची खूण. साधारण चौघांपैकी एकाच्या अंगातून विषाणू आपोआप जातो. उलट, नव्या संसर्गात अँटीबॉडी दिसायला 8 ते 11 आठवडे लागतात, आरएनए 1-2 आठवड्यांत सापडतो. म्हणजे त्यांच्यात बसणारा चौथा कुणी निगेटिव्ह आला म्हणून त्याला सोडून देऊ नका.

आरएनए सापडला तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर, रोज एक गोळी, 12 आठवडे. 95 टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. ‘आधी नशा सोड, मग औषध’ ही अट घालू नका, कृपया! त्यात माणसं कायमची हातची जातात. हिपॅटायटिस बीची तपासणी मात्र आधी हवीच. सीवरच्या औषधाने दबलेला बी उसळू शकतो.

रात्रपाळी:
बरे झाल्यावर अँटीबॉडी निगेटिव्ह होईल?

यकृत_ओपीडी:
नाही, ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते. औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए करा, पुढेही तोच. पुन्हा संसर्ग होऊ शकतो आणि सीवर लस नाही. बीवर आहे. परत येण्याची खात्री नसेल तर 0, 7 आणि 21व्या दिवशी द्या, बूस्टर 12 महिन्यांनी.

लॅब_७:
ज्यांना गरज आहे त्या सगळ्यांची औषधं एकदमच सुरू करा. एकजण राहिला तर त्याच चमच्यातून बाकीच्यांना परत होईल. सिरिंजसोबत प्रत्येकाला वेगळा चमचा, गाळणी आणि निर्जंतुक पाण्याची कुपी द्या. अफूजन्य नशा असेल तर ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या तिच्यावरच्या औषधांबद्दलही त्याच भेटीत बोला.