तिसरीचं वर्ष: तुमच्या घरी काय काय झालं?

लेक यंदा तिसरीत गेली. दुसरीच्या निकालाला बाई सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "आता तिसरी हं, जरा लक्ष द्या." तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, लक्ष म्हणजे नक्की कशाकडे द्यायचं? आत्तापर्यंत मराठी, इंग्रजी, गणित एवढंच होतं, आता परिसर अभ्यास वाढलाय एवढं कळतंय. नवरा म्हणतो तिसरीला कोण नापास होतंय. तर ज्यांची पोरं तिसरीतून पार पडली आहेत त्यांनी लिहा. सल्ले नकोत, घरी काय घडलं ते सांगा. राज्य बोर्ड, सीबीएसई, परदेशातले, सगळे या.

दोन_मुलांची_आई, पुणे

आमच्याकडे तिसरी म्हणजे शाब्दिक उदाहरणं. मुलाची बेरीज वजाबाकी एकदम पक्की, हातचा कधी विसरायचा नाही, त्यामुळे मी निवांत होते आणि पहिल्या चाचणीत गणिताला २० पैकी ९. पेपर बघितला तर मांडलेलं गणित सगळं बरोबर आणि शाब्दिक सगळी चूक. मग घरी बसवून एक दिलं, रमाकडे ४५ मणी आहेत, ते सीमापेक्षा १२ ने जास्त आहेत, तर सीमाकडे किती? याने दोन सेकंदात ५७. का रे? तर म्हणे "जास्त" लिहिलंय ना, जास्त म्हणजे बेरीज! मग कळलं की पठ्ठ्या गणित वाचतच नव्हता, नुसते शब्द हुडकत होता, एकूण दिसलं की अधिक, उरले दिसलं की वजा. दुसरीत हे चालून गेलं कारण तिथे वाक्य एवढंसं असतं. पुढे दोन महिने आम्ही वही उघडलीच नाही, ओट्याखाली बसून शेंगदाण्यांचे ढीग करायचे, ही रमा, ही सीमा, आता वाच पुन्हा. निम्मी रमा तो खाऊन टाकायचा, ते सोडा.

आणि तो ९ मार्कांचा पेपर मला तीन आठवड्यांनी दप्तराच्या तळाशी सापडला. पालकांची सही करायची असते ना, तिथे साहेबांनी स्वतःच्या अक्षरात छान रेघ देऊन लिहिलं होतं, "आई". ओरडायला गेले आणि हसूच फुटलं. पण रात्री झोप नाही लागली मला, कारण त्याआधी हा कधी काही लपवायचा नाही. दुसरीत पडला, मारामारी केली, सगळं घरात येऊन सांगायचा.

खडू_फळा

मी स्वतः तिसरीला शिकवतो, बीडकडे, जिल्हा परिषदेची शाळा. वरच्या ताईंनी लिहिलं ते अगदी बरोबर आहे. दुसरीपर्यंत वाचता येणं हाच अभ्यास असतो, तिसरीला आम्ही धरून चालतो की वाचता येतंय आणि तिथंच पोरं मागं पडायला लागतात. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ ला आलं त्यात पण उद्दिष्ट हेच ठेवलंय, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे, साधी गणितं आली पाहिजेत.

पण आमच्याकडची तिसरी निराळी असते. दिवाळी झाली की वर्ग रिकामा. आईबाप ऊसतोडीला जातात, कोल्हापूर सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, आणि लेकरं संगं. हंगामी वसतिगृह असतं म्हणजे पोरं गावातच आजीआजोबांजवळ राहतात आणि जेवणाची सोय होते, पण पाठच्या लहान भावाला सांभाळायला कोण, म्हणून मोठी पोरगी हमखास नेतात. मी दरवर्षी घरोघरी जाऊन विनवण्या करतो, काही ठेवतात, काही नाही.

एक पोरगी मागं अशीच गेली, तिकडं कारखान्याजवळच्या शाळेत चार महिने बसली, पाडव्याच्या पुढंमागं परत आली. आता तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं आहे हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. ज्या जिल्ह्यात शाळा त्या जिल्ह्याच्या नद्या, डोंगर, पिकं. मी वर्गात विचारलं आपल्या जिल्ह्यातली नदी सांगा, बाकीचे बिंदुसरा, मांजरा, गोदावरी सांगत होते आणि ही उभी राहून म्हणली, पंचगंगा. पोरं हसली. ती म्हणली गुरुजी तिथं पुस्तकात हीच होती, आणि आम्ही धुणं पण तिथंच धुत होतो. मी फळ्यावर पंचगंगा पण लिहिली. चूक कशी म्हणायची तिला?

भिंगरी

गुरुजी, हे वाचून काय बोलावं कळेना. आमचं फारच मामुली आहे. लेकीच्या वहीत फळ्यावरून उतरवलेलं सगळं चुकीचं, ८ चा ३, 'घ' चा 'ध', बाई दर आठवड्याला शेरा देणार "लक्ष नाही". मी तिला वर्षभर बडबड बडबड बोलले. शेवटी शाळेतच तपासणी झाली आणि दीड नंबर निघाला. दुकानातून चष्मा लावून बाहेर पडली आणि समोरच्या झाडाकडे बघून म्हणते, आई पानं सुट्टी सुट्टी असतात? अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं. पोरीला सारखं "लक्ष नाही" येत असेल तर आधी डोळे तपासा बायांनो. सल्ले नकोत म्हटलंय, पण हा एक घ्याच.

नानाआजोबा, नाशिक

पाढ्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नातीला सातचा पाढा तोंडपाठ, सात आठे छप्पन्न, सात नव्वे त्रेसष्ट, घड्याळ लावून म्हणते. मी मधेच विचारलं, सात आठे किती? तर डोळे मिटून सात एके सातपासून गाडी सुरू, हाताची बोटं मोजत आठव्या डब्यापर्यंत येणार आणि मग छप्पन्न. आठ साते विचारलं तर आठचा पाढा झाला नाही म्हणून येत नाही म्हणे! आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे पण पाठ करून घेत, पण खरं सांगायचं तर आम्हीही मास्तर छडी घेऊन उभे असत म्हणून म्हणत होतो, उमज फार पुढे पडली. आता आम्ही जिन्याने चढताना मधले मधले विचारतो. सुनेला वाटतं मी छळतो.

ऑस्टिनकर

टेक्सासमधून. इथे तिसरीपासून राज्याची स्टार परीक्षा सुरू होते, वाचन आणि गणित, साधारण एप्रिलमध्ये, आणि त्याचं वारं जानेवारीपासूनच अंगात येतं. मुलगा फडाफडा वाचतो म्हणून मी खुशीत, पण उतारा वाचून "ही मुलगी शेवटी गप्प का बसली" असं विचारलं की खांदे उडवणार. अख्खा उतारा तोंडून वाचला पण डोक्यात काही शिरलंच नाही. आधी वाटलं दोन भाषांमुळे होतंय की काय, नवऱ्याने तर मराठी बंद करू म्हणून टुमणं लावलं. मी ऐकलं नाही. उलट रात्री मराठी गोष्ट मी वाचते आणि मधेच थांबून आता काय होईल विचारते, त्यात गडी बोलायला लागला, आणि ते हळूहळू इंग्रजीतही आलं.

मराठी शाळेचं मात्र वेगळंच. एकोणपन्नास म्हटलं की हा ५९ लिहितो. त्याचं तरी काय चुकलं, शेवटी पन्नासच ऐकू येतं ना. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, सत्तर दोन असं वाचायची पद्धत आली तेव्हा मीसुद्धा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांच्या नावाने बोटं मोडली होती. आता घरी गुपचूप चाळीस नऊच म्हणते.

सीबीएसईवाली

आमचं २०२४ ला झालं, त्याच वर्षी तिसरीची पुस्तकं बदलली, संतूर, मॅथ्स मेला वगैरे. मोठ्या बहिणीची जुनी जपून ठेवलेली पुस्तकं थेट रद्दीत. बाकी अभ्यासाचं ठीक, आमची खरी तिसरी मैत्रिणीवरून गेली. तिघींचा ग्रुप, त्यात रोज दोघींची गट्टी आणि तिसरीशी कट्टी, आणि ती तिसरी बहुतेक वेळा आमची. डबा तसाच परत यायचा. कारण विचारलं तर "भूक नव्हती". मी त्या मुलीच्या आईला फोन केला ती माझी मोठी चूक, कारण पोरींचं दोन दिवसांत जुळलं आणि आम्हा आयांचं अजून बिनसलेलंच आहे.

खडू_फळा

@सीबीएसईवाली हाहा, हे आमच्याकडं पण सेम आहे, फक्त डबा नसतो, खिचडी असते. खिचडीच्या रांगेत कोण कुणाच्या मागं उभं राहतं त्यावरून मला कळतं आज कुणाचं बिनसलंय.

धागाकर्ती

सगळ्यांना थँक्यू, डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली आहे शनिवारची. आत्ता वह्यांना कव्हरं घालत बसलोय. लेबलवर नाव मीच लिहिणार म्हणून हट्ट धरला आणि पहिल्याच वहीवर लिहिलंय "इयता तीसरी". खोडायला गेले तर म्हणते, आई थांब, मला वाचून बघू दे. अजून वाचतेच आहे.