सीटी स्कॅनच्या फिल्मांचे फोटो पाठवले तर चालतात का? आणि पुण्याहून आलेला रिपोर्ट धरायचा का?

सत्तरीकर:
नमस्कार मंडळी. आईच्या छातीचा सीटी म्हापशात एका खाजगी सेंटरात काढला. वाळपईला पोचेपर्यंत मोबाईलवर रिपोर्ट हजर, खाली सही पुण्याच्या डॉक्टरची! त्यांनी आईला पाहिलंसुद्धा नाही. उजव्या फुप्फुसात 7 मिलिमीटरची गाठ लिहिलीय, जुन्या स्कॅनशी ताडून पाहा असंही म्हटलंय. 2022 चा सीटी कपाटावर पाकिटात आहे. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवायचंय. त्याआधी फिल्मांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडू का? आणि लांबून दिलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा कसा?

पेडण्याची सून:
फोटोंच्या भानगडीत पडू नका. सासऱ्यांच्या वेळी डॉक्टरांनी फोटो बघून शेवटी सीडीच मागितली. आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते, तेव्हा पेनड्राइव्हच करून घ्या.

हायपोचा वास:
मी फोंड्यात सीटी टेक्निशियन. डार्करूममध्ये ओल्या फिल्मा वाळत घातलेल्या पिढीतला, म्हणून हे नाव (हायपो म्हणजे फिल्म धुवायचं रसायन).

सत्तरीकर, सीटीचा रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचून रिपोर्ट देणारा डॉक्टर, शेजारच्या खोलीत असला तरी स्क्रीनकडेच बघतो. (सोनोग्राफीचं वेगळं, तिथे प्रोब हातात धरावा लागतो.) रात्री लकव्याचा पेशंट येतो तेव्हा मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टर घरून गाडी काढून येईपर्यंत थांबण्यापेक्षा पुण्यात जागा असलेला बरा. अंतराची मला भीती नाही. मला खटकतो तो सेंटरचा फॉर्म. त्यावर नुसतं 'खोकला' लिहितात. पूर्वी टीबी झाला होता का, घरात चूल आहे का, हे पुण्याला कोण सांगणार? ते तुम्ही लिहून द्या.

आता फोटो. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाणी 0, हवा उणे 1000, हाड कित्येक शे. एवढ्या छटा डोळ्याला एकदम दिसत नाहीत, म्हणून डॉक्टर स्क्रीनवर विंडो (कुठल्या आकड्यांपासून कुठल्या आकड्यांपर्यंतच्या छटा दाखवायच्या ते) बदलत बदलत बघतात. फिल्मवर ती विंडो कायमची ठरून गेलेली असते, त्यात तुमच्या ट्यूबलाइटची चमक. शिवाय सीटी म्हणजे शरीराच्या आडव्या कापांची चित्रं, आणि फिल्मवर बहुधा जाडे, निवडक काप छापतो आम्ही. 5 मिलिमीटरच्या कापांत तुमची गाठ एकदोन चित्रांत येईल, 1 मिलिमीटरच्या कापांत सहा-सात. वाढली की तेवढीच आहे, ते तिथे कळतं.

तेव्हा सेंटरकडून बारीक कापांच्या डायकॉम फाइली (स्कॅनच्या मूळ फाइली) मागा. एक काप साधारण अर्धा एमबी, चारशे काप धरले तर 200 एमबी. फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. त्यातल्या फाइलींच्या नावापुढे बरेचदा काहीच नसतं, म्हणून लोक कचरा समजून उडवतात आणि नेमका स्कॅनच जातो!

सत्तरीकर:
देव बरें करूं. सेंटरनं लिंक दिलीय, आजच उतरवून घेतो. पण 2022 च्या पाकिटात फिल्माच निघाल्या, सीडी नाही.

हायपोचा वास:
जुन्या सेंटरला फोन करा, पेशंट आयडी पाकिटावरच असेल. सर्व्हरवर अजून ठेवलं असलं तर काढून देतील. नाहीतर फिल्माच न्या, पण मूळ फिल्मा. आणि पिशवीत मावत नाहीत म्हणून दुमडू नका, घडी नेमकी फुप्फुसावर पडते.