गल्ल्यांमधून फिरत जाणारा नाच, प्रेक्षकांना दिसणार कसा?

प्रश्न: वस्तीतलीच माणसं घेऊन, शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत, रस्त्यांमधून सरकत जाणारा नाच बसवतोय. प्रेक्षक सोबत चालणार. पण मागच्यांना काही दिसेल का, आणि म्युझिकचं काय करायचं?

उत्तर १: दिसणं हाच खरा घोळ. जमिनीलगतच्या मूव्हमेंट्स पहिल्या रांगेपलीकडे जातच नाहीत, त्यामुळे पायऱ्या, ओटे, गॅलऱ्या, गच्च्या सगळं वापरा. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका ट्रिशा ब्राउनने १९७१ मध्ये न्यूयॉर्कला नर्तक वेगवेगळ्या गच्च्यांवर उभे केले होते, एकाची हालचाल बघून पुढचा उचलायचा. नवख्यांना हे बरं पडतं, काउंट पाठ करायची भानगड नाही.

उत्तर २: स्पीकर ढकलगाडीवर ठेवा. जवळजवळच्या दोन ठिकाणी एकदम वाजवलं तर नुसता गोंगाट, म्हणून मधे टाळ्या आणि पायांचा ठेकाच ठेवा. आणि डांबरावर अनवाणी नाही हं, उन्हात तर अजिबातच नाही!

उत्तर ३: वयस्कांना ठरलेली जागा द्या, चालायचं काम तरुणांना. प्रेक्षकांच्या पुढे एक आणि शेपटाला एक स्वयंसेवक हवाच, वळणावर गर्दी तुटते.

प्रश्नकर्ता: गच्चीची आयडिया भारी! आता आजोबाच वर चढायला निघतील, त्यांना कोण थांबवणार 😄