तातडीचं: नेट बदलतोय, लँडलाइनचा नंबर जाणार का?

मेधा (स्लाउ, इंग्लंड), मंगळवार रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

उद्या दुपारपर्यंत काय ते ठरवायचंय, म्हणून घाईत लिहितेय. मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलले होते तेच. रविवारच्या ऑनलाइन शाळेत शिकवताना माझा आवाज तुटतो, मुलांना अर्धी कविता ऐकूच येत नाही, पालकांनी वर्षभर सोसलं. आता आमच्या गल्लीत फायबर आलंय, नवी कंपनी गुरुवारी जोडून देणार आहे. पण ते फक्त नेट देतात, फोन देत नाहीत. आमचा लँडलाइन नंबर अण्णांनी १९८६ साली घेतलेला. मिरजेच्या आत्यांना तेवढा एकच पाठ आहे आणि त्या रोज संध्याकाळी त्याच्यावरच फोन करतात.

काल मी जुन्या कंपनीला फोन करून सगळं बंद करायला सांगितलं. शुक्रवारी लाइन तुटेल म्हणाले. नंबरचं विचारलं तर म्हणे नव्या कंपनीला विचारा, आणि नवी कंपनी म्हणते आमच्याकडे फोनच नाही. हे म्हणतात, सोडून दे. अण्णा काही बोलत नाहीत, पण दोन दिवस धड जेवलेले नाहीत. कोणी केलंय का हे?

अनिरुद्ध (रेडिंग), मंगळवार रात्री १०.१५

मेधाताई, सकाळी पहिलं काम म्हणजे जुन्या कंपनीला फोन करून 'बंद करा' मागे घ्या. लाइन तुटायच्या आत सांगितलं तर सहसा ऐकतात.

आपणहून जुन्या कंपनीला सांगायची आता गरजच नसते. १२ सप्टेंबर २०२४ पासून 'वन टच स्विच' सुरू झालंय. नव्या कंपनीला सांगायचं, जुन्याचं ती बघते. पण तुमच्या बाबतीत तेही नको, कारण नवी कंपनी नंबर घेणारच नाही. नंबर तिसऱ्याकडे न्यावा लागेल, इंटरनेटवरून फोन देणाऱ्या एखाद्या कंपनीकडे. ते एक छोटा अडॅप्टर देतात. तो राउटरला जोडायचा आणि अण्णांचा आहे तोच फोन त्यात लावायचा.

क्रम मात्र चुकवू नका. नंबर जुन्या लाइनवरून निघाला की त्या लाइनवरचं नेटही सहसा त्याच वेळी बंद पडतं. म्हणून आधी फायबर चालू होऊ दे. ती केबलच वेगळी असते, त्यामुळे काही दिवस दोन्ही एकदम चालतील. मग फोनवाल्या कंपनीला नंबर ओढून घ्यायला सांगा. नंबर गेला की जुनी लाइन आपोआप सुटते. बिल दोन्हीकडचं थोडे दिवस भरावं लागेल, ते भरा.

अर्जात नाव आणि पोस्टकोड जुन्या बिलावर आहे तसाच लिहा. बिल अण्णांच्या नावाने असेल तर अर्जही त्यांच्याच नावाने. माझा याच कारणाने एकदा परत आला होता.

वसंतकाका (हॅरो), मंगळवार रात्री ११.०५

अनिरुद्धने सांगितलं ते बरोबर. पूर्वी नेट कंपनी बदलायला जुन्या कंपनीकडून मॅक कोड, म्हणजे सोडून जायचा एक क्रमांक, मागावा लागायचा. तो देताना आपली कंपनी अर्धा तास समजूत काढायची की जाऊ नका. २०१५ साली ती पद्धत गेली तेव्हा मला फार हायसं वाटलं होतं.

मेधा, नंबर बदलणार असेल तर मला आधी कळव. सभासद सूची छपाईला जायची आहे, आणि अण्णांचा नंबर पहिल्या सूचीपासून जसाच्या तसा आहे. दुरुस्त्या माझ्याकडेच पाठवाव्यात, कोणी परस्पर ऑनलाइन तक्त्यात करू नयेत. गेल्या वर्षी त्यामुळे दोन घरांचे नंबर उलटसुलट झाले.

शिरीष (हाउन्स्लो), बुधवार सकाळी ७.३०

पण लँडलाइन हवीच कशाला? आत्यांना व्हॉट्सॲप शिकवा. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, साताऱ्याहून रोज व्हिडिओ कॉल करते.

आणि आवाज तुटतो तो लाइनमुळेच कशावरून? आमच्याकडे राउटर जिन्याखाली होता, दोन विटांच्या भिंती मध्ये. तो वर आणला आणि तक्रार संपली. आधी लॅपटॉप वायरने जोडून बघा, मगच पैसे खर्च करा.

नीलिमा (वेम्ब्ली), बुधवार सकाळी ८.१०

शिरीष, आत्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्या बोटांनी चाचपून नंबर फिरवतात. मी त्यांच्याकडे राहून आलेय.

मेधा, दुसरीच गोष्ट विचारते. अण्णांच्या गळ्यात ते पडल्यावर दाबायचं बटण आहे ना? ते लँडलाइनवरच चालतं. तांब्याच्या तारेवर साधा फोन घरातली वीज गेली तरी चालायचा. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही विजेवर, वीज गेली की फोनही गेला. फोनवर अवलंबून असलेल्या माणसाला कंपनीने निदान एक तास तरी आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय फुकट द्यायची, असं ऑफकॉमचं, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाचं, म्हणणं आहे. ते मागून घे. बटणवाल्यांनाही कळव, म्हणजे त्यांचं यंत्र अडॅप्टरवर चालतं का ते कळेल. अण्णा एकटे असताना हे बंद पडलं तर? मी आईच्या वेळी हे धरून बसले होते आणि बॅटरी मिळवली. तिच्या शेवटच्या वर्षात ती दोनदा कामी आली.

रेखा (क्रॉयडन), बुधवार सकाळी ९.००

नंबरचं तुम्ही बोलताय, माझा ईमेलच गेला! कंपनी बदलली आणि तिनेच दिलेला पत्ता महिन्याभरात बंद झाला. म्हणून मार्चपासून मला मंडळाची एकही मेल नव्हती आणि हळदीकुंकवाच्या खर्चाला मी उत्तर दिलं नाही असं सगळ्यांना वाटलं. ज्यांचा पत्ता अजून नेट कंपनीचा आहे त्यांनी बदलायच्या आधी दुसरा उघडा. बँकेत, जीपीकडे (आपल्या डॉक्टरांकडे), सगळीकडे तो कळवा आणि मगच बदला.

शिरीष, बुधवार सकाळी ९.२०

आत्यांबद्दल मला माहीत नव्हतं. ती सूचना मागे घेतो. वायरने तपासायचं मात्र करा.

सचिव, बुधवार सकाळी ९.४५

सर्वांना विनंती. ढोल पथकाच्या सरावाची मेल या उत्तरांखाली गेली आणि चौघांनी मला वेळ विचारली. तांत्रिक प्रश्नांसाठी वेगळा गट आहे, अनिरुद्धनेच तो काढला आहे. पुढची चर्चा कृपया तिकडे.

अनिरुद्ध, बुधवार सकाळी १०.०५

सचिवसाहेब, त्या गटात अकरा जण आहेत आणि मेधाताई त्यात नाहीत. जुनी तांब्याची टेलिफोन व्यवस्था जानेवारी २०२७ अखेर देशभर बंद व्हायची आहे, म्हणजे लँडलाइन असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न येणार. आपले निम्मे ज्येष्ठ सभासद त्यात आले. म्हणून आज इथेच लिहितो.

ताई, समजा त्यांनी ऐकलं नाही आणि शुक्रवारी लाइन तुटलीच, तरी घाबरू नका. करार संपल्यानंतरही निदान एक महिना नंबर दुसरीकडे नेण्याचा हक्क राहतो. फक्त तो सोडतो असं कुठे लिहून देऊ नका. लाइन चालू असताना नेणं मात्र खूपच सोपं.

मेधा, बुधवार रात्री ८.३०

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. बिल अण्णांच्या नावाने, म्हणून अण्णांनीच फोनवर सांगितलं. चाळीस मिनिटं गेली, पण बंद करणं थांबवलं. करार कधीच संपला होता, त्यामुळे दंड नाही. फोनवाली कंपनी मिळाली, फायबर लागलं की तारीख देणार. नीलिमा, बटणवाल्यांशी बोलले, ते नवं यंत्र लावून देतील. तोपर्यंत जुनी लाइन तोडत नाही. शिरीष, वायरने कधीच तपासलंय. रस्त्यावरची हिरवी पेटी, जिथून घराघरात तारा येतात, ती आमच्यापासून फार लांब आहे आणि तांब्याच्या तारेवर अंतर वाढलं की वेग पडतोच.

मेधा, तीन आठवड्यांनी, शनिवार सकाळी ११.२०

काल नंबर आला. आधी तीन दिवस नवं यंत्र दाबून पाहिलं, मगच जुनं सोडलं. संध्याकाळी सातला घंटी वाजली, अण्णांनी उचलला, आत्याच. रविवारी शाळेतही आवाज एकदाही तुटला नव्हता.

राउटर बदलताना एक करा. नव्या राउटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातलं काही पुन्हा जोडावं लागत नाही. आमच्या घरी चौदा वस्तू होत्या.

वसंतकाका, शनिवार दुपारी १२.१०

छान झालं. सूचीत अण्णांचा नंबर आहे तसाच ठेवतो. रेखा, तुझा नवा ईमेल अजून माझ्याकडे नाही. सोमवारी छपाईला देतोय.